दिलीपचा सदरा

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही म्हणवत नाही. मी कोल्हापुरात एका हायस्कूलवर गणित शिकवतो, राहायला कळंब्याला. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेताचं काढलं की सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो. त्यामुळे जसं झालं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

आधी एक सांगायला हवं. गेल्या वर्षी माझी आई गेली. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं — नैवेद्य ठेवायचा आणि कावळा शिवेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. आईच्या नैवेद्याला कावळा शिवला नाही. चुलते म्हणाले, "हात जोडून बोल की काय तरी. तुझीच वाट बघत असंल ती." चारचौघांत मला ते जमलं नाही... लाज वाटली. शेवटी नैवेद्य गाईला घातला आणि सगळे घरी आलो. तेव्हापासून मी बधिरच आहे. रडू नाही, राग नाही. शाळा, घर, जेवण, झोप.

आता त्या रविवारचं. आदल्या दिवशी संध्याकाळी फिल्म क्लबमध्ये एक जुना इंग्रजी हेरपट बघितला होता. एक साधा माणूस नको त्या क्षणी जागचा उठतो आणि शत्रूची माणसं त्यालाच हेर समजून बसतात. त्यात तो हेर मुळात नसतोच — नुसत्या नावावर खोली घेऊन, कपडे टांगून सरकारनं उभा केलेला. मला काही पटलं नाही. आपण कोण हे माणसाला सांगता येत नाही म्हणजे काय?

सकाळी आमच्या चौगले सरांच्या वडिलांची रक्षा होती, पंचगंगेच्या स्मशानभूमीत. मला पोचायला दहा वाजले. रविवार, त्यामुळे एका वेळी चार-पाच घरची माणसं जमलेली. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. मी त्यातल्या एका घोळक्यात जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटं झाली तरी ओळखीचा चेहरा दिसेना. मग पार पलीकडे चौगले सर दिसले, म्हणून मी हात वर केला. नेमकं त्याच वेळी पुढचे एक धोतरवाले म्हातारे ओरडले, "दिलीप! दिलीप आलाय का रं?"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"आलास न्हवं? मग म्होरं ये," म्हातारे म्हणाले. "तास झाला, हौसाअक्काला कावळा शिवंना. बोल काय तरी."

लोकांनी वाट करून दिली. नैवेद्याशेजारी एक नवा कोरा सदरा घडी घालून ठेवला होता. मी दिलीप नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते — "आई, मी आलोय. आता जा."

कावळा सरळ खाली उतरला, नैवेद्याला शिवला. लोकांनी हात जोडले आणि रिवाजाप्रमाणे पांगले. मला काहीच वाटलं नाही.

म्हाताऱ्यांना गाठून मी खरं काय ते सांगितलं. माफी मागितली.

"ठावं हाय की," ते म्हणाले. "दिलीप जल्मलाच न्हाय, पावणं. माझ्या भैनीला लेकरूच झालं न्हाय. शिवणकाम करायची. झाला आसता तर दिलीप नाव ठेवलं आसतं म्हणायची, आन दर दिवाळीला त्याच्या नावाचा येक सदरा शिवायची. दरसाल माप वाढवत त्याला मोठा केला हुता तिनं. ह्यो शेवटचा."

"मग हाक का मारलीत?"

"शेवटचा उपाय म्हणून मारली. कोण हात वर करंल आसं वाटलं न्हवतं." त्यांनी तो सदरा माझ्या हातात दिला. "घिऊन जा. दुसरं कोण घालणार?"

सातवीत असताना मी बैलगाडीवरून पडलो होतो. डावा खांदा वाकडा सांधला, तो उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. रेडिमेड शर्ट मला कधीच नीट बसत नाही. आमचा टेलर डावी बाजू मुद्दाम उतरती शिवतो, आणि हे त्याला आणि घरच्यांनाच माहीत आहे. हौसाअक्कांना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सदरा घातला... कुठं एक सुरकुती नाही. टेलरला दाखवला. त्यानं टेप लावला आणि म्हणाला, "सर, दुसरा टेलर बघितलासा व्हय? माप माझ्यापेक्षा बरोबर घेतलंय की."

पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध होतं. बायको नको नको म्हणत होती, तरी मी तोच सदरा घातला. गच्चीवर पान ठेवून हात काढतोय तोवर कावळा आला.

बायकोचे डोळे भरून आले. म्हणाली, "बघा, आईंनी ओळखलं तुम्हाला."

मला तेव्हाही रडू आलं नाही. याचा अर्थ मला लावता आलेला नाही, कुणाला लागत असेल तर जरूर कळवा. पण त्याआधी मला एवढंच विचारायचंय — आईनं ओळखलं ते मला, की दिलीपला?