मथुराकाकीनं फिरवलेला कौल

केळशीच्या अलीकडं कातळवाडीत रस्त्यानं दुचाकी येताना दिसली की मथुराकाकी थेट गडग्याला जाऊन चिकटते. जांभ्या दगडांच्या त्या कुंपणाला पाठ लावून, पदर पोटाशी धरून ती उभी राहते आणि गाडी वळणाआड गेल्याशिवाय हलत नाही. वाडीतली पोरं तिला बघून मुद्दाम हॉर्न वाजवतात. एकदा एकजण म्हणाला, "काकी, अगो ही सायकल हाय." काकी म्हणाली, "चाकं दोनच हायत ना, मग झालं."

बाकी बाई भित्री म्हणाल तर मुळीच नाही. शाळेत चाळीस पोरांची खिचडी ती शिजवते आणि उकळतं पातेलं दोन फडक्यांनी धरून एकटी उतरवते. खाचरात फुरसं निघालं तर किंचाळत बसत नाही, काठी शोधते. नवरा बाळा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, घरी यायचा तो शिमग्याला आणि गणपतीला. मधले सगळे महिने दोन गुरं, आंब्याची सात कलमं आणि एकुलता एक गौरव हे तिनंच निभावलं. कुणापुढं रडगाणं गायलं नाही.

दोन चाकांचं भय मात्र जुनं आणि खरं. ती एकोणीस वर्षांची असताना माहेरी अचानक पाहुणे आले, म्हणून तिनं धाकट्या भावाला, बाबल्याला, हर्णे बंदरात मासळीला पिटाळलं. "लिलाव चुकवू नको, ताजी सुरमई आण," असं वर बजावलं. बाबल्या मित्राची स्कूटर घेऊन गेला. येताना उतारावर खडीवरून चाक सरकलं. लोकांनी त्याला अंगणात आणून ठेवलं तेव्हा त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटला होता आणि मांसात खडीचे कण रुतले होते. मथुरा ते धुवायला पाणी घेऊन धावली, तर कुणीतरी म्हणालं, आता राहू दे. भाऊ अपघातात गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला पाठवलं कुणी, हे तिनं आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

गौरव तिच्याच चुलीपाशी बसून स्वयंपाक शिकला. आधी दापोलीच्या एका हॉटेलात, मग मुंबईत, आणि गेल्या वर्षी एजंटामार्फत व्हिएतनामला, दा नांग नावाच्या समुद्रकाठच्या शहरात, एका भारतीय रेस्टॉरंटात तो आचारी म्हणून लागला. करार दोन वर्षांचा. जाऊन महिना झाला नाही तोच एका सकाळी त्याचा फोन आला.

"आई, खोली हॉटेलपासून सहा किलोमीटर हाय गो. शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते. दोन वर्षं काढायची म्हणजे स्कूटर पायजेच. एक बघून ठेवलीय, ब्याटरीवरची. जुनी हाय, पण चांगली हाय. तिला इथं लायसन लागत नाय म्हणतात. तू मंगळवारी देवीला विचार. उजवा दिलान तर घेतो."

हे विचारणं म्हणजे कौल. कातळवाडीत विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची असो, ग्रामदेवी झोलाईला विचारल्याशिवाय पान हलत नाही. देवीच्या पाषाणाला उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशी ओली फुलं चिकटवायची, गुरवानं गाऱ्हाणं, म्हणजे देवीला मागणं, घालायचं आणि सगळ्यांनी वाट बघत बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गौरवचा पासपोर्ट, त्याचं विमान, सगळं असंच विचारून झालं होतं. मुंबईत राहून आलेला, मोबाईलवर जग बघणारा पोरगा, पण देवीच्या शब्दाबाहेर जायची त्याची छाती नव्हती.

काकी "विचारते" म्हणाली आणि मनातून निर्धास्त झाली. आपल्याला जे नको ते देवीला तरी कसं हवं असेल, असा तिचा सरळ हिशेब होता.

त्या मंगळवारी मुसळधार पावसामुळं देवळात बाया आल्या नव्हत्या, ती आणि दादू गुरव, दोघंच होती. दादूनं फुलं लावली आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. परमुलखातल्या लेकराला वाहन घ्यायचं हाय, असं तो म्हणतो न म्हणतो तोच उजवं फूल खाली आलं. दादू खूश झाला. "बघ, बोलायलाही दिलान नाय मना. घेऊ दे त्याला बिनघोर."

काकी प्रसादाचं फूल पदरात बांधून घरी आली. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, अंगणात ठेवलेला तो सोललेला हात. फोन वाजला. "काय गो, काय दिलान देवीनं?"

"डावा दिलान," काकी म्हणाली.

गौरव म्हणाला, "बरं. मग ऱ्हाऊ दे."

इतकं सोपं होतं ते. आठवडाभर काकीला शांत झोप लागली. मग हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की आपण काय करून बसलो. भुताखेतांच्या गोष्टी सांगून पोराला घाबरवणं वेगळं आणि देवीच्या तोंडी आपला शब्द घालणं वेगळं. ती देवळावरून जायचं टाळू लागली. शाळेत जायला देवळापुढचा रस्ता जवळचा, पण ती वरच्या कातळावरून वळसा घालून जायची. दादू गुरव समोरून येताना दिसला की ती पदर सारखा करत घाईनं पुढं व्हायची. आणि दादू नेमका तेच विचारायचा.

"घेतलान काय गो पोरानं गाडी?"

"घेईल की," ती म्हणायची आणि चालायला लागायची.

दादूनं उद्या गौरवला सहज फोन केला तर? सुट्टीवर आल्यावर दोघं पारावर बोलत बसले तर? भातात हात घालताना, गुरं बांधताना तिला हेच सुचायचं. त्यात नवी भर पडली. गौरव आधी चालत जायचा, पण पुढं कामावरच्या नितेश नावाच्या पोराच्या मागं बसून जाऊ लागला. नितेश एका हातानं गाडी चालवतो आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरतो, हे गौरवनंच हसत हसत सांगितलं. ते ऐकून काकीला हसू आलं नाही. पोराला स्वतःची गाडी मिळाली असती तर तो हळू चालवणारा होता. आपणच त्याला दुसऱ्याच्या पाठीमागं बसवलं. आता काही झालं तर तेही आपल्याच बोलण्यानं, दुसऱ्यांदा. तरी तिच्या तोंडून खरं निघेना. सांगितलं तर स्कूटर, नाही सांगितलं तर नितेश. बाई पार कात्रीत सापडली होती.

असे चार महिने गेले. एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलताना गौरव पाणी प्यायला वळला, बाही वर गेली आणि काकीला त्याचा हात दिसला.

"हाताला काय रे?"

"काय नाय. किचनमध्ये तेल उडालं."

काकीनं आयुष्यभर चुलीपुढं काढलेलं. तेलानं भाजलेलं कसं दिसतं ते तिला सांगायला नको. हे खरचटलेलं होतं. कोपरापासून खाली ओळीनं, रस्त्यावर घासल्यासारखं.

"गौरव," ती म्हणाली, "नितेशच्या गाडीवरनं पडलास?"

तो खाली बघून म्हणाला, "नितेशच्या नाय. माझ्या."

त्यानं स्कूटर घेतली होती. दोन महिने झाले होते. नितेश दुसऱ्या गावाला गेला, रात्री पायी जाताना कुत्री मागं लागायची, पावसात भिजून ताप आला, म्हणून शेवटी घेतली. देवीनं नको म्हटलं असताना घेतली, आणि आईला कळू दिलं नाही.

"रोज किल्ली फिरवताना वाटतं, आज," गौरव सांगत होता. "बाकीचे कसे आरामात चालवतात गो. मना नाय जमत. परवा मागनं ट्रक आला, नुसता हॉर्न दिलान. मना वाटलं, हाच तो. देवी सांगत व्हती तो हाच. घाबरून दोन्ही ब्रेक आवळले नि पडलो. ट्रक बाजूनं निघून गेला. त्याची काय चूकच नव्हती."

काकीला उमगलं. पोराला रस्त्यानं पाडलं नव्हतं, ट्रकनं पाडलं नव्हतं. तिनं पाडलं होतं. आपलं भय तिनं चार महिन्यांपूर्वी त्याच्या अंगात भरलं होतं आणि ते घेऊन तो रोज गाडीवर बसत होता.

"ऐक," ती म्हणाली. "देवीनं डावा दिलान नव्हता. उजवा दिलान. मी खोटं बोलले."

गौरव हसला. प्रेमानं हसला. "मना बरं वाटावं म्हणून आता सांगतेस ना?"

"देवीशप्पत."

"ऱ्हाऊ दे गो. पडलो म्हणून सांगतेस, कळतं मना."

"दादू गुरवाला विचार. त्यानं बघितलान."

"नको," तो घाईनं म्हणाला. "विचारलं नि डावाच व्हता असं निघालं तर? मग मी गाडीवर बसायचा कसा?"

त्यानं फोन ठेवला. त्याला कामाला निघायचं होतं, त्याच गाडीवर.

काकी उठली ती पदर नीट न करताच दादू गुरवाच्या घरी गेली. ओटीवर तो सुपाऱ्या सोलत बसला होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दादूचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, हातातल्या सुपारीकडं बघत राहिला.

"चाळीस वर्षं कौल लावतोय," तो म्हणाला. "मनासारखा नाय आला म्हणून रडणारे बघितले. फिरवून सांगणारं कोण बघितलं नव्हतं."

"त्याला फोनवर सांग. पाया पडते."

"फोनवर सांगितलं तर तो म्हणेल, आयनं पढवलान. मंगळवारी देवीपुढं ये. पोराला फोन लावून ठेव. गाऱ्हाण्यात बोलतो. गाऱ्हाण्यात मी खोटं बोलणार नाय, हे त्याला म्हायत हाय." मग म्हणाला, "मंगळवारी देवळात बाया असतात. त्या ऐकतील. बघ बाय."

ते दोन दिवस काकीनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. वाडी काय म्हणेल हे तिला स्वच्छ दिसत होतं. कुणाची गाय मेली, कुणाचा मोहोर गळला, तरी लोक म्हणणार, मथुरानं देवीचा कौल फिरवलान त्याचं हे. शाळेत पोरं तिच्या हातचं जेवतील की नाही इथपर्यंत तिचं मन धावलं. हळदीकुंकवाला बोलावणं येईल का? न जाण्याची शंभर कारणं तिनं शोधली. पण रोज दहाच्या ठोक्याला तिकडं तो गाडीवर बसत होता, आणि त्या एका कारणापुढं बाकीची टिकली नाहीत.

मंगळवारी सकाळी देवळात पाच बाया होत्या. शेजारची गोदा त्यात होती, जी ऐकलेलं संध्याकाळपर्यंत केळशीला पोचवते. काकीनं फोन लावला. "काय गो, देवळात?" गौरव म्हणाला. "काय बोलू नको, ऐक," ती म्हणाली आणि फोन देवीच्या पायरीवर उभा ठेवला.

दादूनं हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "गे झोलाय माउली, आज तुज्या पायाशी ही लेकरं जमली हायत, त्यांची सेवा मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा," बाया म्हणाल्या.

"बाळाचा झील गौरव परमुलखात पोटासाठी गेला हाय. त्याच्या वाहनासाठी तुला कौल लावला व्हता, नि तू उजवा दिलास."

"व्हय म्हाराजा."

"त्याच्या आयनं, ह्या मथुरानं, तो भयापोटी डावा करून सांगितलान. तिची चूक पोटात घाल."

कुणी काही म्हटलं नाही. गोदाचं तोंड उघडंच राहिलं. बाकीच्या जणी एकमेकींकडं, मग काकीकडं बघायला लागल्या. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढं सरकत नाही, आणि दादू हात जोडून गप्प उभा होता.

"व्हय म्हाराजा," ती एकटीच म्हणाली.

"तिचं भय तिच्यापाशी ऱ्हाऊ दे, माये. लेकराच्या अंगातलं काढून घे. त्याला सुखरूप ने नि सुखरूप आण."

बाया अजून गोदाकडं बघत होत्या. मग पायरीवरच्या फोनमधून, चिरका आणि लांबून आल्यासारखा, गौरवचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

त्याच्या मागून गोदा म्हणाली, आणि तिच्या मागून बाकीच्या.

"आई, टाइम झाला, निघतो गो," गौरव म्हणाला. त्यानं आणखी काही विचारलं नाही आणि फोन बंद झाला. काकी देवळाच्या पायरीवर बसली. बाया आता निघतील, वाटेत बोलतील, ते तर होणारच होतं. पण गोदा तिच्याशेजारी येऊन टेकली. "किती वेळ लागतो त्याला?" तिनं विचारलं. काकी म्हणाली, "पंधरा-वीस मिंटं." मग बाकीच्याही तिथंच थांबल्या. सगळ्या त्या फोनकडं बघत होत्या.

अठराव्या मिनिटाला तो वाजला. काकीनं डोळे मिटून देवीकडं हात जोडले. गोदानं उचलला.

"पोचलो म्हणतोय," गोदा म्हणाली.