परमुलखातली ओवाळणी

मी जर्मनीत नोकरीला होतो आणि धाकटी बहीण हंगेरीत डॉक्टरकी शिकत होती, त्या वर्षांची ही आठवण. राजुऱ्याला आईबाबांना वाटायचं, दोघंही युरोपात, म्हणजे शेजारीच असणार. प्रत्यक्षात आमची भेट वर्षातून एकदा झाली तरी खूप.

पहिल्या भाऊबीजेला तिनं फोनवरूनच ओवाळलं. ताटात मेणबत्ती आणि सुपारीच्या जागी अक्रोड. मी बँकेतून तिला वीस युरो पाठवले. पगार नुकताच सुरू झाला होता, भाडं जाऊन फारसं उरत नव्हतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, तुले काही अडचण हाये का?"

"नाई. काऊन?"

"काई नाई. सहजच विचारलं."

पुढच्या आठवड्यात माझ्या खात्यात तिच्याकडून बारा युरो आले. मी फोन लावला. "हे बारा युरो पाठवून काय करून राह्यली तू?"

"बारा कसे? मी तर पंचवीस पाठवले," ती म्हणाली. "तुह्या ओवाळणीचे दहाच युरो आले मले. वाटलं, याचे हाल चालू हायेत अन् हा सांगत नाई."

तेव्हा कुठे आम्हाला उलगडा झाला. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं. हंगेरीचं चलन वेगळं. पाठवताना इथे काही कापलं जातं, मधली बँक आपलं काढून घेते, पलीकडची बँक चलन बदलताना घेते. मोठ्या रकमेत ते जाणवत नाही; छोट्या रकमेचा मात्र फडशा पडतो. मला राग आला होता, पण घरी येईपर्यंत तो ओसरला. वसतिगृहात काटकसरीनं राहणारी पोरगी मला माझ्याहून जास्त पाठवून बसली होती, तेच डोक्यात घोळत राहिलं.

पुढच्या भाऊबीजेला आम्ही बँकेच्या वाटेला गेलो नाही. दोघं रेल्वेनं व्हिएन्नाला आलो. स्टेशनजवळच्या बागेत बाकावर बसवून तिनं मला ओवाळलं. वारा दिवा टिकू देईना. तिनं तळहाताचा आडोसा धरला. फिरायला आलेल्या एक म्हाताऱ्या बाई ओवाळून होईस्तोवर थांबल्या आणि मान हलवून निघून गेल्या. मी बहिणीच्या हातात नोट ठेवली. मग आईनं पाठवलेली चारोळीची बर्फी आम्ही थंडीत कुडकुडत संपवली.

आता आम्ही दोघंही परत आलोय; ती एटापल्लीच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. फोनवरून पैसे क्षणात जातात, एक पैसा कापला जात नाही. तरी भाऊबीजेला मी सागाच्या जंगलातून गाडी काढून तिच्याकडे जातो. यंदा टिळा लावत असतानाच नर्सबाईंची हाक आली.

"भाऊ, बस तू. आलीच मी," म्हणत ती निघाली. तासभर मी व्हरांड्यात बसून होतो, आणि मला अजिबात घाई नव्हती.