पन्नास पेशींची वसाहत

निघोज्यापासून दापोडीपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात बोल्टपासून बसगाड्यांपर्यंत सगळं काही मोजलं जातं, पण आमच्या बाईंइतकं जीव तोडून मोजणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कंपनीत बाकी सगळ्यांना 'मॅडम' म्हणायची पद्धत. या मात्र लातूरकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून आलेल्या, म्हणून 'बाई'च राहिल्या. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. त्या वर्षांची आठवण काढली की आधी डोळे चुरचुरतात आणि मग हसू येतं.

आमच्या कंपनीत एक इंजेक्शन बनतं. केमोथेरपी घेतलेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. इंजेक्शनातला ग्रोथ फॅक्टर हाडांतल्या मज्जेला जागं करतो आणि नव्या पेशी तयार करायला लावतो. प्रत्येक बॅच आम्ही उंदराच्या मज्जेवर तपासायचो. मज्जेतल्या पेशी छोट्या चपट्या बशांमध्ये जेलीत मिसळायच्या, त्यात औषधाचा थेंब घालायचा आणि त्या बशा सात दिवस इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायच्या. औषध चांगलं असेल तर एकेका पेशीचा गोतावळा वाढतो, नसेल तर सगळ्या मरून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली पन्नास पेशी एकत्र दिसल्या तर ती वसाहत. एकोणपन्नास असल्या तर तो नुसता पुंजका, धरायचा नाही.

बाईंनी हा नियम लॅबपुरता ठेवला असता तर आमचे निम्मे त्रास वाचले असते. कंपनीच्या बसमधून जाताना तारेवरचे पारवे दिसले की त्यांचे ओठ हलायला लागायचे. एका सहकाऱ्याच्या साखरपुड्यात त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि मुलीच्या वडिलांना अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "बेचाळीसच आहेत. पुंजका आहे अजून, पण वाढेल." ते गृहस्थ पंगत उठेपर्यंत बाईंच्या शेजारी बसलेल्या माझ्याकडेही संशयानं बघत होते. इन्क्युबेटरचं दार कुणी जरा जोरात लावलं की बाई कळवळायच्या. "हळू रे, आत लेकरं वाढायलेत!" खिडकीखाली हॉर्न वाजवणाऱ्या फोर्कलिफ्टवाल्यालाही त्या खाली जाऊन हेच सांगून आल्या होत्या. त्याला काय समजलं कोण जाणे, पण पुढे तो आमच्या खिडकीखालून गाडी हळू नेऊ लागला, आणि वर बघून लेकरांची खुशालीही विचारू लागला.

ज्या दिवशी मज्जेसाठी उंदीर मारावे लागत, त्या दिवशी बाई काही खात नसत. कँटीनच्या मामांनी एकदा विचारलं, "आज कसला उपास, बाई?" बाई म्हणाल्या, "उंदरांचा." उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, तेव्हा ही बाईंची खासगी संकष्टी असणार असं मामांनी ठरवलं आणि त्या दिवशी ते साबुदाण्याची खिचडी करून ठेवू लागले. बाईंनी तिला कधी हात लावला नाही. ती आम्हीच संपवायचो.

मग ती बॅच आली. सातव्या दिवशी बाईंनी बशा तीनदा मोजल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या जुन्या औषधाच्या बशा भरगच्च होत्या आणि नव्या बॅचच्या बशांत बहुतेक पुंजकेच होते. औषध न्यायला गाडी दारात उभी होती. मोठे साहेब स्वतः लॅबमध्ये आले.

"बाई, पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसचे बरेच आहेत. तेवढे धरा ना. डोळ्यांचा फरक असतो."

"धरते की साहेब," बाई म्हणाल्या. "पण तिकडं वॉर्डात कुणीतरी याच्या भरवशावर पडलेलं आहे. त्याचं पुंजक्यावर भागंल का, तेवढं त्याला विचारून या."

गाडी रिकामी गेली. आम्ही पुन्हा बशा लावल्या, पुन्हा सात दिवस गेले. या वेळी वसाहती अशा दाट उठल्या की मोजताना माझी मान आखडली. बॅच उत्तम होती. मग पहिल्या खेपेला काय झालं होतं?

ते शोधायला मी पहिल्या खेपेचा, नव्या बॅचच्या बशांचा डबा उघडला; तुलनेच्या बशा वेगळ्या डब्यात होत्या. जेली सुकू नये म्हणून डब्यात बशांशेजारी पाण्याची उघडी वाटी ठेवायची असते. वाटी होती, पण तिच्यात पाणी घातल्याची खूणही नव्हती. बशा कडेनं सुकल्या होत्या. त्या आठवड्यात दोघं रजेवर, माझी लागोपाठ तिसरी डबल शिफ्ट. पाणी घालायचं राहून गेलं आणि नोंदवहीत 'केले' म्हणून सही मात्र करून मोकळा झालो होतो.

कँटीनमध्ये जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. 

"नोंदवहीत तुझ्या खाली सही कुणाची आहे?" बाईंनी विचारलं.

"तुमची. 'पाहिले' म्हणून."

"मी पाहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तू कधी चुकत नाहीस म्हणून डबा न उघडताच सही केली. तू दमून विसरलास. मी काही दमले नव्हते."

"बाई, अहवालात माझं नाव लिहा. चूक माझी आहे."

"लिहिणार की. तुझं दुसऱ्या ओळीत."

तसंच लिहिलं त्यांनी. मला ताकीद मिळाली. बाईंना लॅबमधून काढून मागच्या इमारतीत कागदपत्रांच्या विभागात बसवलं. एक आठवडा गाडी अडवून शेवटी काय निघालं, तर रिकामी वाटी, असं लोक हसून म्हणायचे. बाईंना ते ऐकू जायचं.

त्या बदलीनंतरच्या पहिल्याच शनिवारी बसमध्ये माझ्या शेजारी बाईंना झोप लागली. नऊ वर्षांत त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड जरासं उघडं. त्या एवढ्या म्हाताऱ्या कधी झाल्या, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चिंचवडला त्यांचा थांबा आला. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी हातानं 'चल' म्हणून खुणावलं. दापोडीला बस रिकामी झाली तेव्हा त्यांना हाक मारावीच लागली.

"कुठं आलो रे?"

"दापोडी, बाई. शेवटचा थांबा. मी उठवलं नाही तुम्हाला."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा सारखा केला, खिडकीतून पलीकडच्या रुळांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस. लई छान झोप लागली होती."

मग आम्ही दोघं चालत चालत माझ्या घरी चहाला गेलो.