झाकलेला पाय

बेशुद्ध होऊन आलेली बाई पाहिली की माझा हात आधी तिच्या पोटरीकडे जातो. दवाखान्यात आया म्हणून लागले तेव्हाच्या नर्सबाईंनी ती सवय लावली. पण ज्या पायाकडे बघायला हवं होतं तो पाय त्याआधी सात-आठ वर्षांपूर्वीच माझ्या हाताखालून गेला होता. तो मी झाकून ठेवला होता. या हातांनी. लिहायचं तर तेच लिहायला हवं, नाहीतर कशाला बसायचं लिहायला.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रनाळ्याच्या आमच्या घरात. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, त्यामुळे नणंद-भावजयीपेक्षा मैत्रिणीच जास्त. मुलगी झाली, बाळंतपण सुखाचं झालं. मग आमच्याकडची रीत सुरू झाली. सव्वा महिना बाळंतिणीनं परसाकडे जाण्याखेरीज खाटेवरून उतरायचं नाही, जमिनीला पाय लावायचा नाही. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर गोधडी, कानाला फडकं. बिचारी उकडून निघायची, पण हसून म्हणायची, "वहिनी, माले भाजीसन खाशात का तुम्ही?"

बारा-तेरा दिवस झाले असतील. तेल लावताना मला तिची डावी पोटरी मोठी लागली. कातडी ताणलेली, गरम. दाबली की ती ओठ चावायची. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, बाळंतवारं शे, जोर लावीसन चोय. मग मी चोळलं. सकाळ-संध्याकाळ, लसूण जाळलेल्या तेलानं, घाम येईपर्यंत. आणि त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पायनं कोठे बोलू नको. तिन्हा सासरना लोके आयकतीन ते म्हनतीन, पोरगी पांगयी व्हयी गयी. दुसरी करतीन."

त्यांची भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. शेजारच्या गावात अशी एक बाई होती, लंगडत चालायची, नवरा पुन्हा न्यायलाच आला नाही. सासूबाई शेवटी आईच. त्यांना लेकीचं घर वाचवायचं होतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी नणंद परसाकडे जायला म्हणून उठली आणि उंबऱ्यातच कोसळली. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, तेव्हा डोळे उघडले. ओठ काळपट. धाप थांबेना. "वहिनी, दम लागस. छातीवर कोनी बठेल शे," असं मला म्हणाली.

बैलगाडी जुंपून नंदुरबारला नेलं. दवाखान्यात खूप गर्दी. डॉक्टर तरुण, चांगल्या घरचे दिसत होते, कुणाशी आवाज चढवून बोलत नव्हते. त्यांनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी धरली, नळी छातीवर ठेवली, तीही लुगड्याच्या वरून. ताप आहे का, रक्त जास्त जातं का, विचारलं. सगळी उत्तरं सासूबाईंनी दिली.

"अंगावर कुठे सूज वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नही, डाक्टरसाहेब. अशक्तपना शे."

मी मागे उभी होते. कडेवर बाळ, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत. नणंदेनं आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत असावं, ही बोलेल. घरातली सून मोठ्यांसमोर, परक्या पुरुषासमोर तोंड उघडत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरीही पाहिलं. मी बाळाचं अंगडं नीट करत राहिले.

आणि डॉक्टर? त्यांनी लुगड्याचा काठ चार बोटं वर करायचा होता, एवढंच. केला नाही. बाईमाणूस, बाळंतीण, सोबत आई-भावजय उभ्या. त्यांनाही लाज वाटली असेल. ताकदीची सुई दिली आणि म्हणाले, "दूध-तूप द्या, आजी. रक्त कमी आहे." सासूबाई खुश झाल्या. त्यांना आवडेल असंच दुखणं निघालं होतं.

घरी आल्यावर मी पुन्हा तिचा पाय चोळला. तिसऱ्या दिवशी ती खाटेवर उठून बसली, बाळाला मागितलं, आणि बाळ तिच्या हातात पोचायच्या आत मागे पडली. एवढंच. जीव जायला तेवढाच वेळ लागला.

सासूबाईंनी गावभर सांगितलं, सुईनं पोर मारली. जावई वर्षाच्या आत दुसरी घेऊन आला, म्हणजे ज्याच्या भीतीनं पाय झाकला ते झालंच.

पुढे आम्ही नंदुरबारला राहायला आलो, मी दवाखान्यात लागले. नर्सबाई दोन्ही पोटऱ्यांना सुतळी गुंडाळून मोजायच्या, श्वास मोजायच्या, आणि मला सांगायच्या. पडून पडून पायात रक्ताची गाठ धरते. चोळली की सुटते, वर जाऊन फुप्फुसात अडकते, माणूस चक्कर येऊन पडतं. पहिली चक्कर म्हणजे गाठीचं सांगून येणं असतं, बाई. त्या आपलं काम म्हणून सांगत होत्या. माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली.

सासूबाई थकल्यावर आमच्याकडेच होत्या. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते, तेव्हा त्यांनीच विचारलं, तुला आता दवाखान्यातलं कळतं, खरं सांग, माझी पोर सुईनंच गेली ना. मी सांगितलं. सगळं. पायाचं, गाठीचं, डॉक्टरांनी सूज विचारली होती त्याचं.

 त्या म्हणाल्या, "पन चोयनारी तूच व्हती."

खोटं काय होतं त्यात? मी म्हटलं, हो, मीच होते. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले आणि लुगडं टाचेपर्यंत खाली घेतलं. त्यानंतर चार वर्षं जगल्या. माझ्या हातचं जेवल्या, माझ्या हातचं पाणी प्यायल्या. पायाला मात्र मला हात लावू दिला नाही.