तिसऱ्यांची वजाबाकी

प्रिन्सिपल मॅडमनी टिश्यूपेपरात धरून एक शिंपली उचलली. दोन बोटांनी, मेलेली पाल उचलावी तशी. आणि पहिलीच्या वर्गाला विचारलं, "चिल्ड्रन, इज धिस क्लीन ऑर डर्टी?"

मुलं माझ्याकडे बघायला लागली. सहा-सहा वर्षांची मुलं ती. शाळेत बरोबर उत्तर कुठलं हे त्यांना टीचरच्या तोंडावर वाचायची सवय असते. इथे दोन टीचर उभ्या, दोन वेगळी तोंडं. कुठलं वाचणार?

"क्लीन ऑर डर्टी?" मॅडमनी परत विचारलं. या वेळी आवाज चढवून.

"डर्टी," पुढच्या बाकावरून एकजण म्हणाला. मग काय, सगळा वर्ग एका सुरात. "डर्टी, मॅडम."

"गुड."

मग माझ्याकडे वळून, मराठीत, अगदी हळू आवाजात. "उचला हे सगळं. आणि हात धुऊन या. साबणाने."

मी उचललं. बाकाबाकावर पसरलेल्या शिंपल्या गोळा करून माझ्या कापडी पिशवीत भरल्या. मुलं बाकावरून हात मागे घेत होती, शिंपलीला बोट लागू नये म्हणून. पाच मिनिटांपूर्वी हीच मुलं त्यांच्यावरून भांडत होती.

बाहेर बेसिनवर गेले. हात धुतले. वास घेऊन बघितला. साबणाचा येत होता. तरी परत धुतले. मला आज राग कशाचा येत असेल तर त्या दुसऱ्यांदा धुतल्याचा येतो.

मी करावे गावची. कोळ्याची पोर. आई सीवूड्सच्या नाक्यावर मावरं विकते, म्हणजे मासळी. शाळा नेरूळला, चकाचक, काचेची, इंग्लिश मीडियम. जिथे शाळेचं ग्राउंड आहे तिथे माझ्या आजोबांची खाडीकडची शेती होती. आता गेटवर मलाच आयकार्ड दाखवावं लागतं. असो. ते दुखणं जुनं आहे, त्यावर आज बोलत नाही.

डी.एड. केलं. आमच्या आळीतली पहिलीच मी. नोकरी लागली तेव्हा आईने नाक्यावर सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, "माजी पोरगी मॅडम झाली." सांगू नको म्हटलं तरी सांगितलं.

पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये कळलं की शाळेत डबा प्युअर व्हेज. मुलांचाही आणि टीचरचाही. नियम तर नियम. मी बटाट्याची भाजी नेली होती. एकीने विचारलं, "तू करावेची ना? मग डब्यात काय आज, बोंबील?" सगळ्या हसल्या. मीही हसले. डबा उघडून दाखवला. हे बघा, बटाटा. आणि तरीही बाजूच्या टीचरने आपला डबा थोडा सरकवला. बघितलं मी ते.

नंतर मी टेबलाच्या टोकाला बसायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचं काही चुकलं असंही दाखवता येणार नाही. माणूस आपला आपणच सरकत जातो. मग एक दिवस बघतो तर काय, टोकाला आपण एकटेच बसलोय, पुढ्यात गार झालेली चपाती आणि पलीकडे सगळ्यांचं हसणं.

वर्गात मात्र मी एकटी नसायचे. वर्गात पोरं होती. गणित माझ्याकडे होतं, बेरीज-वजाबाकी. पोरं पोपटासारखी म्हणायची, "सेव्हन मायनस फोर इज थ्री." फाडफाड. पण विचारलं, की तुझ्याकडे सात चॉकलेटं, हिच्याकडे चार, तर तुझ्याकडे हिच्यापेक्षा किती जास्त? तर सगळी ओरडायची, "सेव्हन!" कारण सात जास्त आहेत ना! बरोबरच आहे त्यांचं. कोणी काही काढून घेतलं नाही, खाल्लं नाही, हरवलं नाही, मग मायनस कुठून आलं? मोठ्या माणसाला हे कळत नाही. मुलाला काढून घेणं कळतं. दोन ढीग शेजारी ठेवून त्यातला फरक शोधणं, तीही वजाबाकीच आहे, हे त्याला आपोआप कळत नाही. ते हाताने करून बघावं लागतं.

आणि हाताने करायला काय होतं? रंगीत ठोकळ्यांचा महागडा सेट होता, तो कपाटात कुलपात. ओपन डेला बाहेर यायचा. बोटांवर मोजायला बंदी. "नो फिंगर्स" असा बोर्डच होता वर्गात, वर हसरा चेहरा काढलेला.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, प्राची. आमच्याच गावातली. गरिबांसाठीच्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून आलेली. ती वर्गात बोलायचीच नाही. तोंड उघडलं की आमच्या बोलीतलं यायचं आणि कुणीतरी हसायचं. हात सदान्‌कदा बाकाखाली. मला माहीत होतं, तिथे ती बोटं मोजते. मी काही बोलले नाही. मोज बाई, म्हटलं मनात.

तेव्हा मला तिसऱ्या आठवल्या, आमच्या खाडीतल्या खायच्या शिंपल्या.

आमच्याकडे तिसऱ्या केल्या की जेवताना रिकाम्या शिंपल्यांचा ढीग ताटाशेजारी ठेवायचा. खरकटं म्हणून टाकायचा नाही, जेवण होईपर्यंत. का? तर शेवटी भांडण असतं. मी आणि माझा भाऊ. कोणी जास्त खाल्ल्या? आई म्हणायची, "लावा जोड्या." मग माझी एक, त्याची एक, माझी एक, त्याची एक. शेवटी ज्याच्या शिंपल्या बिनजोडीच्या उरल्या तो हावरट. तेवढ्याच जास्त खाल्ल्या त्याने. झाली वजाबाकी! मला ती शाळेने शिकवली नाही, ताटाने शिकवली.

म्हणून आईला शिंपल्या धुऊन ठेवायला सांगितल्या. सोडा घालून उकळल्या. उन्हात वाळवल्या. फडक्याने एकेक घासली. आणि नाकाशी धरून वास घेतला, एकदा सोडून दहादा. मग आईला घ्यायला लावला. आई म्हणाली, "काय येरी झाली का गो? कसला वास नाय त्यांना." पण माझा माझ्या नाकावर विश्वास नव्हता. भावालाही घ्यायला लावला.

वर्गात पिशवी उघडली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, मोठ्याने, "तिसऱ्या!"

प्राची. उभी राहिलेली. दोन्ही हात बाकाच्या वर.

तो तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास. पोरं जमिनीवर बसली. जोड्या लावल्या. उरलेल्या मोजल्या. "टीचर, याला पार्टनर नाही! याला पण नाही!" ज्यांना महिनाभर कळलं नव्हतं त्यांना कळलं. प्राची सगळ्यांना शिकवत फिरत होती, आमच्या बोलीत, आणि कुणी हसत नव्हतं.

मग एकाने विचारलं, "टीचर, आतला ॲनिमल कुठे गेला?"

आणि मी खरं ते सांगितलं. "खाल्ला आम्ही."

कप्पाळ माझं! दुसरं कोणीही म्हणालं असतं, समुद्रात गेला, उडून गेला, देवाघरी गेला. पण आमच्याकडे पोराने विचारलं आतलं कुठे गेलं, तर खाल्लं असंच सांगतात. यात लपवायचं असतं काय, हेच मला सुचलं नाही.

दुपारपर्यंत पालकांच्या ग्रुपवर पोचलं. टीचर वर्गात मेलेले प्राणी आणते. आमचं व्हेज घर आहे. मुलाने हात लावलाय, आता अंघोळ घालावी लागणार. एकाने म्हणे लिहिलं, ही तीच ना, नाक्यावरच्या कोळणीची मुलगी?

मला हे सगळं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी मी परत शिंपल्या घेऊन शिकवत होते, तेव्हा मॅडम टिश्यूपेपर घेऊन आल्या. ते वर सांगितलंच.

सुट्टीनंतर केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत. "उद्या दोन पालक येतील. त्यांच्यासमोर वर्गात सॉरी बोला. मुलांना सांगा, टीचरने चुकून घाणेरडी वस्तू आणली. विषय संपला." मग जरा मऊ आवाजात, "तुम्ही चांगलं शिकवता. पण शाळेचं एक स्टँडर्ड असतं. तुमच्या लोकांना नाही कळत ते."

तुमच्या लोकांना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी आईला सांगितलं. वाटलं, आई तरी माझ्या बाजूने पेटून उठेल. ती कोयता धूत होती. म्हणाली, "बोल सॉरी नि सोड. आमचा जनम गेला आयकून घेन्यान. नोकरी हाय, घालवू नको."

"आणि घाण आहे म्हणू? आपल्या तिसऱ्या?"

"त्यांना घान वाटतं तर वाटूं दे. आपन खातूच ना."

मग ती आत गेली. मी ओट्यावर बसून राहिले. इतकं एकटं मला स्टाफरूममध्येही कधी वाटलं नव्हतं. आईवर रागावता येईना. तिने रोज ऐकून घेतलं म्हणून तर मी शिकले. पण डोक्यात एकच चाललं होतं. उद्या मी घाण म्हणणार आणि मागच्या बाकावर प्राची ते ऐकणार. ती घरी जाणार आणि ताटाकडे बघणार.

सकाळी वर्गात गेले. मॅडम दाराशी. दोन पालक, एक आई, एक वडील, हातात मोबाईल. मुलं हाताची घडी घालून बसलेली. प्राचीचे हात बाकाखाली.

"चिल्ड्रन, टीचर वॉन्ट्स टू से समथिंग," मॅडम म्हणाल्या.

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि मराठीत बोलले. सरळ, माझ्या घरच्या मराठीत. "काल मॅडमनी तुमाला विचारलं, ही डर्टी आहे का. मला कोनी विचारलं नाय. मी सांगते. ही डर्टी नाय. ही माज्या ताटातली आहे. माज्या आईने धुतलेली आहे."

"टीचर," मॅडम म्हणाल्या. "स्टॉप इट."

मी फळ्याजवळच्या टेबलावर सात शिंपल्या एका ओळीत लावल्या. खाली चार. एक शिंपली दोनदा पडली. "वरच्या ओळीत किती जास्त?"

त्या आईने मोबाईल वर धरला होता. मला वाटलं, संपलं, आता कोणी बोलणार नाही.

"तीन," मागून आवाज आला. "तीन उरल्या. त्यांना जोडी नाय."

प्राची उभी होती. बोटं वर धरून.

"आउट," मॅडम म्हणाल्या. ते मला होतं.

नोकरी गेली. प्रोबेशनवर होते, काढायला कारण लागत नाही. स्टाफरूममध्ये डबा घ्यायला गेले तेव्हा सगळ्या वह्या तपासण्यात गुंगलेल्या. एकच जण जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतलंस गं?" मी म्हटलं, "मासे कोण, टीचर? आमच्यात तर मासे खातात." ती हसली नाही. परत वर गेली. माझी माणसं म्हणता येतील अशी तिथे कोणीच नव्हती, हे मला जिना उतरताना नीट कळलं.

गावातही काही हारतुरे झाले नाहीत. "शिकून काय दिवे लावले?" एवढंच. आई बरेच दिवस धड बोलली नाही. मी घरी बसून होते. शाळांना अर्ज करत होते. आधीच्या शाळेत फोन जायचा आणि पुढून उत्तर यायचं नाही.

परवा आळीत प्राची भेटली. तिची आई म्हणाली, आता परत शाळेत तोंड उघडत नाही. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "पाचातून दोन गेले?" तिने हात मागे बांधले. ओठ घट्ट मिटले. नुसता गाल हलत होता, आतून. मग म्हणाली, "तीन." मी विचारलं, कसं मोजलंस? तिने तोंड उघडून दाखवलं. जिभेने दातांवर मोजते. बोटं दिसतात म्हणून.

सहा वर्षांची पोर. स्वतःच्या तोंडात लपून वजाबाकी करते. मी घरी आले आणि रडले. मग डोळे पुसून माळ्यावरची शिंपल्यांची पिशवी खाली काढली.

उद्या बेलापूरला एका शाळेत इंटरव्ह्यू आहे. डेमो लेसन घ्यायचाय. आई सकाळपासून मागे लागलीये, "ती पिशवी नको नेऊ गो पोरी, पाया परते." आई, नेणार. टेबलावर आधी पिशवी ठेवणार, मग सर्टिफिकेटं. आधीची शाळा का सोडली विचारलं तर सांगणार, सोडली नाही, काढलं, यासाठी काढलं. कुणी विचारलं आतला प्राणी कुठे गेला, तर सांगणार, खाल्ला. नोकरी देतील, नाहीतर नाही देणार. मग पुढची शाळा. तिथेही पिशवी.

आणि कुणी म्हणालंच, हात धुऊन या, तर मी जागची हलणार नाही. माझे हात धुतलेले आहेत.