अड्याळच्या टेलरचा रेडिओ

रेडिओची बँड बदलायची पट्टी तुटली, तेव्हा मला वीज खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि बायकोला जाऊन पाच. सानगडीच्या घरात मी एकटाच होतो. मुलगी नागपूरला दिलेली. सकाळी उठून चहाचं आधण ठेवायचं, रेडिओ लावायचा, आणि चहा होईपर्यंत घरात कोणीतरी बोलत असायचं. पट्टी तुटली आणि रेडिओ मीडियम वेव्हवर अडकून बसला. मला हवं होतं शॉर्टवेव्ह.

तो रेडिओ मी भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या सुमारास साकोलीहून आणला होता. चार सेलवर चालणारा, पिशवीत टाकून कुठंही नेता येईल असा. मी लाईनमन होतो. शेतातल्या लाईनचं काम संपलं की खांबाखाली बसून ऐकायचो. एक गोष्ट मी खात्यात कधी कोणाला सांगितली नाही. भारनियमनाच्या दिवसांत लोक आम्हाला शिव्या घालायचे, आणि मला मात्र वीज गेलेली आवडायची. मोटारी बंद, ट्यूबलाईट बंद, कसलीच घरघर नाही. अशा वेळी शॉर्टवेव्हवरचा माणूस शेजारी बसून बोलतोय इतका स्वच्छ ऐकू यायचा.

एका दूरच्या देशाचं हिंदी केंद्र होतं, ते मी ऐकायचो. रविवारी सकाळी ते श्रोत्यांची पत्रं वाचत. मीही लिहायचो. कार्यक्रम कसा वाटला, आवाज कसा येतो, आमच्याकडे धानाची रोवणी कुठवर आली, असं काहीबाही. मग चार-सहा आठवड्यांनी निवेदिका म्हणायची, "सानगड़ी, ज़िला भंडारा, महाराष्ट्र से लिखते हैं..." आणि माझं नाव. बायको चुलीपाशी हसायची. "घ्या, गावात कोणी वळखत नाही अन् तिकडं वळखतात," म्हणायची.

भंडारा जिल्ह्यातून आणखी एक नाव नेहमी यायचं. ते अड्याळचं. देवरी-आमगावकडचे काही श्रोतेही जुन्या सवयीनं पत्त्यात भंडाराच लिहीत, पण ते आता गोंदियाचे. खरे भंडाऱ्याचे आम्ही दोघंच. ते अड्याळचे गृहस्थ नेमकं लिहायचे. आवाज कोणत्या मिनिटाला बुडाला, कोणत्या बाजूला दुसरं केंद्र घुसलं, सगळं. मी मनात म्हणायचो, एकदा अड्याळला जाऊन भेटावं. सानगडीहून अड्याळ काही परदेश नाही. दोन बस बदलल्या की झालं. पण ड्यूटी, मग मुलीचं लग्न, मग बायकोचं आजारपण. ती गेल्यावर दोन वर्षं मी एकही पत्र लिहिलं नाही. पुन्हा लिहायला लागलो, आणि नंतर कधीतरी अड्याळचं नाव यायचं थांबलं. मला वाटलं, त्यांनीही मोबाईल घेतला असेल.

रेडिओ बिघडला तसा साकोलीला गेलो. ज्या दुकानातून घेतला होता, तिथं आता मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. दुकानदारानं रेडिओ हातात घेऊन उलटासुलटा केला.

"काका, हा माल कंपनीनं बंद केला. लई दिवस झाले."

"पट्टी तरी भेटन का?"

"सेटच नाही, तर पट्टी कुठून?"

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मोबाईलवर सगळे रेडिओ लागतात. मी आले की टाकून देते." ती आली, टाकून दिलं. आवाज चांगला होता. पण आमच्या घरात नेट अंगणातल्या पेरूपाशीच येतं. वाक्य अर्ध्यात थांबायचं आणि पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. आठवडाभर मी पेरूखाली खुर्ची टाकून बसलो, मग सोडून दिलं. मुलगी वाईट वाटून घेईल म्हणून तिला सांगितलं की छान चाललंय.

नागपूरला तिच्याकडे गेलो तेव्हा एकट्यानंच बाजार पालथा घातला. एका दुकानात नवा रेडिओ मिळाला. टॉर्च होती, पेन ड्राइव्ह लागत होता, आणि डायलवर शॉर्टवेव्हचे सात आकडे छापलेले. आणून लावला तर सातही आकड्यांवर एकाच एफएमची गाणी, खाली भाजल्यासारखा चरचर आवाज. तो मी टॉर्च म्हणून वापरला.

शेवटी भंडाऱ्याला पेन्शनच्या कामासाठी गेलो असताना बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीची एक पाटी दिसली. आत एक म्हातारा मिस्त्री पंख्याचं जळालेलं कॉइल सोडवत होता. रेडिओ त्याच्यापुढे ठेवला. त्यानं मागचं झाकण न उघडताच सांगितलं, "पट्टी गेली ना? या सेटची पट्टीच जाते. सामान नाही येत आता."

"दुसरा असा सेट कुठं भेटन?"

त्यानं कॉइल बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "एक होता. अड्याळचा एक टेलर आणे. बिघडला नसला तरी आणे, 'आतून साफ करून दे' म्हणे. असा जपून ठेवलेला सेट मी दुसरा नाही पाहिला."

मी टेलरचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. ते नाव मी पंधरा वर्षं रविवारी सकाळी ऐकलं होतं. बाजूच्या स्टुलावर मी न विचारताच बसलो.

"तुमी वळखता काय त्याले?" मिस्त्रीनं विचारलं.

"वळखतो," मी म्हणालो. मग म्हणालो, "भेटलो नाही कधी."

"आता कसे भेटान? वारला तो. दीड-दोन वर्षं झाली असन."

त्या दिवशी मी सरळ सानगडीला परत आलो. आठ दिवस जावं की न जावं यातच गेले. मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याची वस्तू मागायची, तीही जिवंतपणी कधी दार न ठोठावता. पण रेडिओपेक्षा मला ते घर बघायचं होतं. एका सकाळी निघालो.

अड्याळला बाजाराच्या रस्त्यावर टेलरचं घर विचारलं, लगेच सापडलं. ओसरीवर शिलाई मशीन होती, वर चादर टाकलेली. एक बाई सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी हात जोडले, नाव सांगितलं आणि म्हणालो, "सानगडीहून आलो."

तिचा सुपातला हात थांबला.

"सानगडीवाले? रेडिओतले?"

मी मान हलवली. तिनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन पाणी आणलं आणि मी पिऊन झाल्यावर पेला परत घेतला. मग म्हणाली, "बसा भाऊ. लई उशीर केला तुमी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता.

तीच सांगत गेली. माझं पत्र वाचलं गेलं की मशीन थांबवून नवरा तिला हाक मारायचा, "ऐक, सानगडीवाला आला." माझ्या मुलीचं लग्न झालेलं तिला ठाऊक होतं, मी तेही लिहिलं होतं. मग माझी पत्रं थांबली.

"दर रविवारी म्हणत, सानगडीवाला नाही आला. बिमार असन, नाहीतर काही झालं असन. एक दिवस उठले अन् म्हणाले, पाहून येतो. धुतलेला शर्ट घातला, साकोलीपर्यंत गेले. तिथून वापस आले."

"काहून?"

"मीही तेच इचारलं. म्हणाले, ना वळख ना पाळख, काय म्हणून जाऊ त्याच्या दारी? अन् खरंच काही झालं असन, तर त्याच्या घरच्यायले काय सांगू, मी कोण म्हणून?"

साकोली ते सानगडी अर्ध्या तासाचा रस्ता. त्या दोन वर्षांत माझ्या दाराशी कोणी आलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार करत मी खाली बघत बसलो. गावच्या बुद्धविहारातली माणसं सुरुवातीला यायची. नंतर तीही आपापल्या कामाला लागली होती. मी सांगितलं, "बायको वारली होती माझी. म्हणून नाही लिहिलं."

"असं," ती म्हणाली. "त्यायले वाटलंच होतं."

माझ्या रेडिओची पट्टी तुटल्याचं सांगितलं, तसा तिनं त्याचा रेडिओ आतून आणला. त्यानं स्वतः शिवलेल्या निळ्या कापडाच्या खोळीत होता. डायलपुरती खिडकी कापलेली, तिच्या कडेला बारीक टीप मारलेली. सेल काढून वेगळे ठेवलेले होते, म्हणून आत गंज नव्हता. मी बाजारातून चार सेल आणले आणि लावले. पट्टी हलक्या हातानं सरकली. दिवसा उजेडी काय लागणार. पण थोडं शोधल्यावर एक केंद्र लागलं, कुठल्या तरी भाषेत एक माणूस सावकाश बोलत होता. ती ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती.

"न्या तुमी," ती म्हणाली. "मले लावता येत नाही. पडून राहून खराब होईन."

मी थोडे आढेवेढे घेतले, पण मला तो हवाच होता आणि तिला ते दिसत होतं. निघताना तिनं विचारलं, "त्यायचं नाव आता कधी येईन का त्यात?"

"पत्र लिहिलं तर येईन," मी म्हणालो.

मी पत्र लिहिलं. अड्याळचे तुमचे जुने श्रोते वारले, ते टेलर होते, आवाजाची नोंद त्यांच्याइतकी नेमकी मी कोणाची ऐकली नाही, एवढंच. अडीच महिन्यांनी एका रविवारी ते वाचलं गेलं. निवेदिका नवी होती. तिनं गावाचं नाव "अडियाल" असं काहीतरी उच्चारलं, आमच्या केंद्राकडून श्रद्धांजली म्हणाली, आणि एक गाणं लावलं. मी चहाचं भांडं हातात धरून उभा होतो. गाणं संपलं तेव्हा ध्यानात आलं की ज्या बाईला हे ऐकायचं होतं, तिच्या घरात रेडिओ नव्हता. तो मी आणला होता.

दुसऱ्याच दिवशी अड्याळला गेलो. तिला सगळं सांगितलं. तिनं दोनदा म्हणवून घेतलं.

"गाणं कोणतं होतं?"

मला गाणं आठवेना. त्या वेळी मी ऐकतच नव्हतो बहुतेक.

"असू द्या," ती म्हणाली. जेवून जा म्हणाली. डाळ-भात आणि वांग्याची भाजी होती. रेडिओ परत ठेवून जातो म्हटलं, तर तिनं ऐकलं नाही.

त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बाई मुलाकडे गेल्या, चंद्रपूरच्या बाजूला, नेमकं गाव ठाऊक नाही, मशीनही घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी ते हिंदी केंद्रही बंद झालं. शेवटच्या कार्यक्रमात श्रोत्यांचे आभार मानले, दहा-बारा नावं घेतली. त्यात भंडाऱ्याचं कोणी नव्हतं.

त्या दिवशी कुलूप पाहून मी बराच वेळ ओसरीवर बसलो होतो. उन्हं कलली तशी शेजारणीनं विचारलं, "काही निरोप ठेवायचा आहे काय, भाऊ? आल्या तर सांगीन."

"सानगडीहून आलो होतो म्हणा," मी सांगितलं, आणि बस पकडायला निघालो.