पांढऱ्यावर काळं

मागच्या उन्हाळ्यात कितीतरी दिवस मी शाम्पू समजून कंडिशनरने डोकं धुतलं आणि फेस येत नाही म्हणून लाखनीच्या पाण्याला शिव्या दिल्या. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, वरची अक्षरं राखाडी. आणि चष्मा लावून आंघोळ करायची पद्धत आमच्याकडे नाही. घरात सगळे हसले. हसले नाहीत ते एकटे पाहुणे आलेले बायकोचे मामा. फिक्या अक्षरांशी इतकं उघड वैर धरलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. "जवाई, तुमची काई चूक नाई," म्हणत त्यांनी खिशातून जाडा काळा मार्कर काढला आणि शाम्पूच्या बाटलीवर तळहाताएवढा 'शा' रेखला.

मामांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालेला. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. तेव्हापासून ते जातील तिथे मार्कर चालवतात. आमचा रिमोट, मिक्सर, गिझर, काहीच सुटलं नाही. सोनेरी अक्षरांची लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्या वरबापालाच ते ती वाचायला लावतात आणि तो अडखळला की म्हणतात, "तुमालेच दिसत नाई, मंग मी कायले येऊ?" औषधाच्या चकचकीत पाकिटावर बोट ठेवून दुकानदाराला विचारतात, "हे अक्षर होय का वाफ?"

पण मामा त्यांच्या गावी, करडीला, एकटेच राहतात. एक दिवस पडतील, भाजून घेतील, असा बायकोने धसका घेतला होता. शेवटी त्यांना कायमचं घेऊन यायचं ठरवून आम्ही एका रविवारी गेलो. मामांनी वाद घातला नाही. "बसा. चहा पिऊन मंग नेजा."

मी स्वयंपाकघराच्या दारात थक्क होऊन उभा राहिलो. उंबऱ्याला चुन्याचा पांढरा पट्टा. मीठ काळ्या डब्यात, मोहरी पांढऱ्यात. तांदूळ निवडायला काळं कापड. शेगडीमागची भिंत डांबरासारखी काळी, दूध वर आलं की फेस उठून दिसावा म्हणून. मामांनी दूध वेळेवर उतरवलं, पांढऱ्या कपांत चहा गाळला, एक थेंब सांडला नाही. सांडला तो मी, त्यांच्याच चटईवर.

"तुमच्या घरी मले हात धरून न्या लागन," मामा म्हणाले. "इथं मी तुमाले चहा देऊन राहिलो."

त्यांच्या कपड्यांसाठी नेलेली पिशवी रिकामीच परत आली.  हायवे लागल्यावर बायको अंगावरच्या फिक्या साडीकडे बघत म्हणाली, "पुढच्या टायमाले मी लाल साडी नेसून येईन. आज बोलली नसती, तं मामाले मी दारात दिसलीच नसती."